झडती लेखिकेची की पुस्तकाची?

बाईनं लिहिलेलं पुस्तक हातात आलं की आपल्याकडे पहिलं पान उलटण्याआधी लेखिकेची झडती सुरू होते. भाषा कोणती? परकी असेल तर कुणाला खूश करायला लिहिलं? नाव खरं की घेतलेलं? घेतलेलं असेल तर लपवण्यासारखं काय होतं? मजकूर स्वतःच्या आयुष्यातला आहे? मग ते साहित्य कसलं, ती तर डायरी. स्वतःच्या आयुष्यातला नाही? मग तिला त्यातलं काय कळतं? या झडतीतून सुटायला एकही वाट ठेवलेली नसते. आणि झडती घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पुस्तक वाचलेलं असतं.

अल्जीरियाची कादंबरीकार आसिया जेबार हिचं नाव निघालं की ही सगळी प्रश्नावली एकदम बाहेर येते. तालुक्याच्या व्याख्यानमालेत आणि शहरातल्या परिसंवादात या प्रश्नावलीचा सूर सारखाच असतो. तेव्हा तिच्यामागचं मत आधी त्याच्या पुरस्कर्त्यांच्याच ताकदीनं मांडून घेऊ, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको.

ते म्हणतात : फ्रेंचांनी १८३० साली अल्जीरियावर चाल केली आणि १९६२ पर्यंत तिथं राज्य केलं. त्यांच्याच भाषेत कादंबऱ्या लिहिणाऱ्या, शेवटी पॅरिसला फ्रेंच अकादमीत जाऊन बसलेल्या बाईला तिच्या देशाची लेखिका कसं म्हणायचं? तिनं पडद्याआडच्या, बंद घरांतल्या गोष्टी गोऱ्या वाचकाला सांगितल्या आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. 'स्त्रीलेखन' हे खूळही पॅरिसमध्येच शिजलं. ते मराठीत आणणं म्हणजे निव्वळ उसनवारी. आमच्या गावाकडच्या बाईला त्याच्याशी काय देणंघेणं? शिवाय आता बायका सगळं लिहितात, पुरस्कार घेतात. मग त्यांच्या लेखनाला वेगळा कप्पा कशाला? साहित्य ते साहित्य.

ऐकायला ठाम वाटतं. पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत उभं राहून पाहिलं तर यातला एकही मुद्दा टिकत नाही. शिरूरनं, म्हणजे घोडनदीनं, मराठीला विभावरी शिरूरकर दिल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची दोन तपं काढली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तिथंच त्या वारल्या. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून केडगाव, असा हा तास-दीड तासाचा रस्ता. या रस्त्याच्या एका टोकाच्या लेखिकेवर घेतलेल्या नावाचा आळ, दुसऱ्या टोकाच्या लेखिकेवर परक्या भाषेचा. जेबारच्या वाट्याला दोन्ही आले. तेव्हा अल्जीरिया फार लांब आहे, ही सबब निदान आपल्या भागात चालणार नाही.

आधी भाषेचा आळ. परक्या भाषेत लिहिणारी बाई घरची लक्तरं वेशीवर टांगते, असं म्हणतात. रमाबाईंचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' १८८७ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालं. उच्चवर्णीय हिंदू मुलीचं बालपण, लग्न, वैधव्य, धर्मशास्त्रांतली बाईविषयीची वचनं, १८८१ च्या जनगणनेतले आकडे असा ऐवज घेऊन त्या अमेरिकन वाचकापुढे उभ्या राहिल्या. विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा करायचा होता, हे त्यांनी कधी लपवलं नाही. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळी एकत्र आली, निधी जमला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. यात लाजण्यासारखं काय आहे? तेवढी रक्कम इथल्या धनिकांनी आधीच पुढे केली होती आणि रमाबाईंनी ती नाकारून जहाज पकडलं, असं तर कुणी म्हणत नाही ना?

आता एक साधा प्रश्न. हा आळ पुरुषांवर का येत नाही? न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तो १९०० साली आला. टिळकांचं 'ओरायन' १८९३ चं आणि 'आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ चं. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही युरोपातल्या पंडितांशी वाद घालण्यासाठी. यांना कुणी विचारलं का, की गोऱ्यांच्या भाषेत वेदांचा काळ ठरवायची काय गरज पडली? नाही विचारलं, आणि विचारायलाही नको होतं. जगाशी बोलायचं असेल तर जगाला कळेल अशा भाषेत बोलावं लागतं, एवढी अक्कल तेव्हाही सगळ्यांना होती. ही अक्कल बोलणारी बाई असली की कुठं जाते? पुरुषानं इंग्रजीत लिहिलं की ती विद्वत्ता. बाईनं लिहिलं की ती चुगली.

बरं, रमाबाईंनी मराठी सोडली होती का? 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचं पहिलं पुस्तक १८८२ चं, मराठीत. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तीही मराठीत. मुलींसाठी शिक्षिका तयार करा, शाळा तपासायला बायका नेमा, बायकांना वैद्यकी शिकू द्या, ही त्यांची मागणी इंग्रज अधिकाऱ्यांना भाषांतर करून घ्यावी लागली. अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे जाडजूड पुस्तक लिहिलं, ते मराठीत. अमेरिकनांना हिंदू विधवेविषयी सांगायचं ते इंग्रजीत आणि मराठी माणसाला अमेरिकेविषयी सांगायचं ते मराठीत. समोर ऐकणारा कोण आहे हे पाहून भाषा निवडणारी बाई भाषेची गुलाम की मालकीण?

इथं हमखास पुढे येतो तो धर्मांतराचा मुद्दा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे बाई गोऱ्यांच्या ताब्यात गेली, असा सरळ हिशोब. हा हिशोब करणाऱ्यांनी त्यांचा पत्रव्यवहार पाहिलेला नसतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं तो १९७७ साली छापलेला आहे, तेव्हा तो मिळत नाही असंही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाई वर्षानुवर्षं भांडत होत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, हा त्यांचा सवाल. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा सल्ला बिशपांकडून आला, तेव्हा तो त्यांनी मुकाट्यानं मानला नाही. चर्चचा शब्द म्हणून शब्द प्रमाण, हे त्यांना अखेरपर्यंत मान्य झालं नाही. शारदा सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये 'केसरी'नं झोड उठवली आणि पुण्यातल्या अनेक हितचिंतकांनी पाठ फिरवली. त्याआधीच, १८८५ साली, जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती. रमाबाईंच्या धर्मप्रसाराशी मतभेद असू शकतो, असावाही. पण मतभेद एक गोष्ट आणि 'विकली गेली' हा शिक्का दुसरी. शिक्का मारायला वाचावं लागत नाही, एवढीच त्याची सोय.

आणि केडगाव? दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या मुलींना घेऊन रमाबाईंनी तिथं मुक्ती सदन उभं केलं. तिथल्या छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या, यंत्र चालवत होत्या. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणत राहिल्या. शिकलेल्या शास्त्र्यापेक्षा साध्या बाईला कळावं अशी मराठी त्यांना हवी होती. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, केडगावातच छापून झालं. ज्यांना धर्माशी कर्तव्य नाही त्यांनी नुसतं भाषेचं काम म्हणून पाहावं. मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणणारी एक बाई आणि ते छापणारा बायकांचा छापखाना, दोन्ही एका खेड्यात. अशी दुसरी जागा मराठी मुलखात कुणाला माहीत असेल तर सांगावी. आणि याच बाईनं मराठी सोडून परक्यांची चाकरी केली म्हणे!

आता जेबारकडे वळू. फ्रेंच ही तिनं हौसेनं उचललेली भाषा नव्हती. वडील फ्रेंच शिकवणारे मास्तर; त्यांचा हात धरून मुलगी शाळेत गेली. तिच्या भागातल्या अनेक मुली ज्या वयात घरात कोंडल्या जात होत्या, त्या वयात ती शिकत राहिली. हा दरवाजा फ्रेंच होता म्हणून तिनं आत जायचं नाही? अल्जीरियाचाच कातेब यासीन फ्रेंच भाषेला युद्धात हाती आलेली लूट म्हणायचा. लूट वापरायची असते, तिला नमस्कार करायचा नसतो. जेबारनं ती कशी वापरली ते १९८५ च्या 'लामूर, ला फांताझिया' या कादंबरीत दिसतं. १८४५ साली दाहरा भागातल्या गुहांत आसरा घेतलेल्या उलाद रिया जमातीला फ्रेंच सैन्यानं तोंडाशी आग लावून धुरानं गुदमरवून मारलं. बायका, मुलं, म्हातारे, सगळे. या हत्याकांडाची नोंद कुठल्या भाषेत होती? मारणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांत, फ्रेंचमध्ये. ते अहवाल उघडून, ओळीओळीतून मेलेल्या माणसांपर्यंत पोचण्याचं काम फ्रेंच न येणाऱ्या कुणाच्या हातून झालं असतं? गुन्हेगाराचा जबाब ज्या भाषेत आहे त्या भाषेत उलटतपासणी घ्यावी लागते. याला परक्यांची खुशामत म्हणायचं असेल तर खुशामत या शब्दाचा अर्थ आधी ठरवून घ्या.

दुसरा आळ नावाचा. फातिमा-झोहरा इमालायेन हे तिचं खरं नाव. १९५७ साली पहिली कादंबरी छापताना वडिलांचा रोष नको म्हणून तिनं आसिया जेबार हे नाव घेतलं. त्याच्या चोवीस वर्षं आधी, १९३३ मध्ये, 'कळ्यांचे निःश्वास' मराठीत आलं होतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात आणि शरीरात काय चालतं, हे त्या कथांनी सरळ सांगितलं. मुखपृष्ठावर नाव होतं विभावरी शिरूरकर. मराठी वाचक हादरला आणि हादरल्यावर त्यानं काय केलं? कथांमधल्या मुलींची अवस्था खरी की खोटी याचा शोध घेतला? छे. ही विभावरी कोण, याचा शोध घेतला. ती होती १९०५ साली जन्मलेली, घोडनदीची बाळूताई खरे, खरे मास्तरांची मुलगी, कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकून मुलींना शिकवणारी बाई. पुढे त्या मालती बेडेकर झाल्या.

या नावात भित्रेपणा शोधणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही काय पाळण्यातली नावं होती? तिथं टोपणनाव हा अलंकार. शिरवाडकरांना कुणी म्हटलं का, की कविता खऱ्या असतील तर खऱ्या नावानं लिहा? पुरुषानं टोपणनाव नाही घेतलं तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या अविवाहित बाईनं १९३३ मध्ये स्वतःच्या नावावर तसल्या कथा छापल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी तिची नोकरी राहिली असती का? ज्या समाजानं नाव लपवायची पाळी आणली, त्यानंच नाव का लपवलंस म्हणून जाब विचारायचा! आणि लपवलं तरी किती? आडनावातच गावाचा पत्ता दिलेला. ज्या गावानं घडवलं ते पुस्तकाच्या पाठीवर छापून त्या उभ्या होत्या. लपणाऱ्या माणसाचं हे लक्षण नव्हे.

तिसरा आळ सगळ्यांत आवडता : बायका स्वतःपलीकडे पाहत नाहीत. चूल, नवरा, सासू, बाळंतपण, अश्रू, झालं. म्हणून बाईच्या कादंबरीवर पहिला प्रश्न येतो, हे तुमच्याच बाबतीत घडलं का? 'रणांगण' लिहिणाऱ्या विश्राम बेडेकरांचं कौतुक कलाकृती म्हणून होतं. त्यांच्याच घरातल्या लेखिकेच्या, म्हणजे विभावरींच्या, पुस्तकांना मात्र कबुलीजबाब म्हणून वाचायचं, ही कुठली समीक्षा? बाळूताई खऱ्यांनी कथांच्या आगेमागेच हिंदूंच्या व्यवहार-धर्मशास्त्रावर पुस्तक लिहिलं होतं. पुढे सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली. कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं तारेच्या कुंपणाआड कशी जगतात ते जवळून पाहिलं आणि १९५० मध्ये मांगगारुड्यांवर 'बळी' ही कादंबरी लिहिली. हे त्यांच्या बाबतीत घडलं होतं का? वडिलांवर त्यांनी १९५३ मध्ये 'खरेमास्तर' लिहिलं. एका मध्यमवर्गीय माणसानं मुलींना शिकवण्याचा हट्ट धरला तर त्याचं पुढे काय होतं याची ती चिकित्सा आहे. चूल आणि अश्रू यात कुठं बसवणार?

जेबार तर शिक्षणानं इतिहासकार. १९६७ नंतर १९८० पर्यंत तिनं एकही कादंबरी वा कथासंग्रह प्रसिद्ध केला नाही. या मधल्या काळात ती शनूआच्या डोंगरातल्या बायकांकडे गेली, स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी काय पाहिलं, काय सोसलं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि त्यावर चित्रपट केला. व्हेनिसच्या महोत्सवात १९७९ मध्ये त्याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. हे ऐकलेले आवाज पुढे तिच्या कादंबऱ्यांत आले. एका प्रकरणात अधिकाऱ्याचा अहवाल, दुसऱ्यात म्हाताऱ्या बाईची साक्ष, तिसऱ्यात स्वतःचं बालपण. आता सांगा, यातला 'मी' किती आणि 'आम्ही' किती? रमाबाईंनी जनगणनेचे आकडे मांडले, मालतीबाईंनी वसाहत मांडली, जेबारनं लष्करी दप्तर मांडलं. तिघींनी केलं ते एकच. ज्यांची साक्ष कुणी नोंदवली नव्हती, त्यांची नोंदवली. मी स्त्रीलेखन म्हणतो ते याला. 'माझं दुःख ऐका' एवढंच म्हणणारं लेखन बायकाही करतात आणि पुरुष तर ढिगानं करतात. प्रेमभंगाच्या कवितांचे जे गठ्ठे मराठी मासिकांनी छापले, त्यांना कुणी पुरुषी रडगाणं म्हटल्याचं आठवतं का?

चौथा आळ नव्या जमान्याचा आणि दिसायला पुरोगामी : या सगळ्या शिकलेल्या, वरच्या जातीच्या, मास्तरांच्या नाहीतर शास्त्र्यांच्या मुली, ऊसतोड करणाऱ्या, खुरपायला जाणाऱ्या बाईचं यांना काय कळणार? यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो रमाबाईंनी पुस्तकाच्या नावातच लिहून ठेवलाय. आपण उच्चवर्णीय बाईबद्दल बोलतोय, हे त्यांनी झाकलं नाही. पण हा आक्षेप घेणारे पुढे काय करतात? मुक्ता साळवे नावाच्या मांग समाजातल्या मुलीनं, फुल्यांच्या शाळेत शिकत असताना, १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो ते वाचतात? बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा', उर्मिला पवार यांचं 'आयदान' त्यांच्या कपाटात असतं? बहुतेकदा नसतं. बेबीताईंवर बोलायची वेळ आली की हीच मंडळी म्हणतात, हे तर आत्मकथन, यात कला कुठे? म्हणजे शिकलेल्या बाईला सांगायचं की तू गरिबाची नाहीस आणि गरीब बाईला सांगायचं की तू कलावंत नाहीस. दोघी गप्प बसल्या की आक्षेपाचं काम झालं. गरीब बाईचा कळवळा असता तर तिचं पुस्तक आधी वाचलं असतं.

पाचवा आळ उसनवारीचा. स्त्रीलेखनाची चर्चा पॅरिसहून आली, म्हणून ती आपली नाही. आधी पॅरिसचं पाहू. बाईनं स्वतःच्या देहाला आणि आवाजाला धरून लिहावं, असा ज्या निबंधानं पुकारा केला, तो एलेन सिक्सूचा १९७५ चा. ही सिक्सू जन्मली कुठं? अल्जीरियातल्या ओरान शहरात, १९३७ साली. ज्याला तुम्ही पॅरिसचं खूळ म्हणता त्याची एक मुळी उत्तर आफ्रिकेच्या मातीत आहे. आता आपल्याकडे पाहू. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली आणि त्यावरून 'पुणेवैभव'सारख्या पत्रांनी समस्त स्त्रीजातीला धारेवर धरलं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. त्याची भाषा ग्रांथिक नाही. घरात, ओसरीवर बायका बोलतात ती आहे. पुरुषांना समोर उभं करून, थेट त्यांच्या तोंडावर बोललेली, चिडलेली, टोमणे मारणारी. सिक्सूच्या निबंधाच्या त्र्याण्णव वर्षं आधी! कोण कुणाचं उसनं घेतंय?

ताराबाईंच्याही आधी ओवी होती. पुणे जिल्ह्यातल्या आणि महाराष्ट्रभरच्या गावांतून हेमा राइरकर आणि फ्रान्सहून इथं येऊन राहिलेले गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी रचलेल्या. आईशी, भावाशी, विठ्ठलाशी, सीतेशी बोलणाऱ्या. हे भांडार आपल्या आयाआज्यांच्या तोंडी होतं आणि विद्यापीठीय समीक्षेनं ते फार काळ लोकगीतांच्या अडगळीत टाकून ठेवलं. फ्रेंच माणसानं आपल्या बायकांच्या ओव्या कान देऊन ऐकाव्यात आणि आपण फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या बाईचं पुस्तक न उघडताच तिला परकी म्हणावं, यात संकुचित कोण ठरतं?

शेवटचा आळ हसून बोलला जातो : आता सगळं सारखं झालंय, वेगळा कप्पा कशाला? बरं, सारखं किती झालंय ते मोजू. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, १९६१ साली, ग्वाल्हेरला. मध्ये त्र्याऐंशी वर्षं गेली. नंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. २०२५ पर्यंतच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. मालती बेडेकर या यादीत नाहीत. त्यांना अध्यक्षपद दिलं ते १९८१ च्या मुंबईतल्या समांतर संमेलनानं, म्हणजे मुख्य मांडवाच्या बाहेरच्यांनी. पॅरिसनं तरी वेगळं काय केलं? फ्रेंच अकादमी १६३५ ची. पहिली बाई, मार्गरित यूर्सनार, १९८० मध्ये आत गेली. तीनशे पंचेचाळीस वर्षं थांबून. जेबारची निवड २००५ मध्ये झाली, माघ्रेबमधून, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातून, तिथं पोचलेली ती पहिली साहित्यिक. तिला गोऱ्यांनी डोक्यावर घेतलं म्हणणाऱ्यांनी हा वेग लक्षात घ्यावा. कप्पा बायकांनी केलेला नाही. तो आधीपासून होता. त्यावर 'साहित्य' अशी पाटी होती आणि आत बहुतेक पुरुष बसले होते. त्याकडे बोट दाखवलं की तुम्ही भेद करता, असा आरोप बोट दाखवणारीवरच.

म्हणून या सगळ्या आळांची गोळाबेरीज सरळ सांगतो. भाषा, नाव, जात, देश, अनुभव यांबद्दलचे हे प्रश्न साहित्याचे प्रश्न म्हणून विचारलेच जात नाहीत. साहित्याचे असते तर पुरुषांनाही तितक्याच कडकपणे विचारले गेले असते. ते विचारले जातात पुस्तक वाचायचं टाळण्यासाठी. कारण वाचलं तर उत्तर द्यावं लागतं. केडगावच्या बाईनं विचारलं, विधवेला तुम्ही काय दिलंत? घोडनदीच्या बाईनं विचारलं, शिकलेल्या मुलीच्या कमाईवर घर चालतं, तिच्या इच्छेचं काय? अल्जीरियाच्या बाईनं विचारलं, तुमच्या इतिहासात आमच्या आज्या कुठं आहेत? या प्रश्नांना उत्तर नसलं की मग विचारणारीचा पासपोर्ट तपासायचा.

शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्यांना, वाचनालयं चालवणाऱ्यांना आणि व्याख्यानमाला भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. विभावरी शिरूरकर आणि पंडिता रमाबाई या जयंतीला हार घालायच्या बायका नाहीत. त्यांची पुस्तकं मागवा, फडताळात दर्शनी ठेवा, मुलींच्या आणि मुलांच्याही हातात द्या. शेजारी जेबारचं जे भाषांतर मिळेल ते ठेवा. मग वाद घाला, कडाक्याचा घाला. रमाबाईंचं धर्मकारण पटत नसेल, मालतीबाईंची कथा बेतलेली वाटत असेल, जेबारची रचना तुटक वाटत असेल, तर तसं म्हणा. आक्षेप जरूर घ्या. फक्त पान क्रमांकासह घ्या.